शेजारधर्म : मोकळं झालो म्हणजे नेमकं काय झालो?



गेल्या खेपेला या सदरात ज्यू लोकांच्या पासओव्हर सणाबद्दल लिहिलं होतं. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटका झाल्याची ती आठवण. ते वाचून एका वाचक भगिनींचा फोन आला. त्यांची मुलगी हायस्कूलमध्ये आहे. मैत्रिणीबरोबर शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या यूथ ग्रुपला गेली आणि घरी येऊन म्हणाली, "आई, ती म्हणते की जीझसमुळे ती फ्री आहे. मग मी फ्री नाही का?" बाईंचा प्रश्न मात्र वेगळा होता. "अहो, दर रविवारी चर्च, जेवणाआधी प्रार्थना, लग्नाआधी हे नको नि ते नको. एवढी बंधनं, आणि म्हणे फ्री! हे काय गौडबंगाल आहे, एकदा लिहा."

तर हा त्याचा प्रयत्न. मी स्वतः ख्रिस्ती नाही, पेशाने केमिस्ट आहे. आपल्या मंडळात नगरकडची ख्रिस्ती कुटुंबं आहेत, त्यांनी हे वाचून कान धरायला हरकत नाही.

पहिली अडचण शब्दाची आहे. 'मुक्ती' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जन्ममरणाचा फेरा येतो आणि त्यातून सुटणं म्हणजे मुक्ती. (तुकोबांनी तीही नको म्हटलं आणि संतांची संगत मागितली, ही आपल्याकडची खास गंमत.) याउलट इथे अमेरिकेत 'फ्रीडम' म्हटलं की मला कुणी काही सांगायचं नाही, मी माझ्या मनाचा राजा, हा अर्थ. ख्रिस्ती माणूस 'मी मोकळा झालो' म्हणतो तेव्हा त्याला या दोन्हींपैकी काहीच म्हणायचं नसतं, आणि म्हणूनच आपला घोटाळा होतो.

आमच्या धंद्यात 'फ्री' शब्द आला की लगेच विचारायचं असतं, कशापासून? स्विमिंग पूलच्या पाण्यात फ्री क्लोरीन मोजतात. घामातून वगैरे आलेल्या अमोनियाला चिकटून बसलेला क्लोरीनही त्याच पाण्यात असतो, पण तो फारसं काम करत नाही, नुसता वास मारतो. फ्री क्लोरीन म्हणजे कुणात अडकलेला नाही आणि म्हणून जंतू मारायला मोकळा आहे तो. ख्रिस्ती मोकळेपणालाही हे दोन प्रश्न विचारावे लागतात, कशापासून आणि कशासाठी. उपमा इथेच सोडतो, नाहीतर संपादक म्हणतील पूल मेंटेनन्सचं सदर वेगळं काढा.

'कशापासून' याचं उत्तर समजायला अंत्युखिया गावातल्या एका पंगतीत जाऊन बसावं लागेल. हे गाव म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं अंताक्या. काळ येशूनंतर जेमतेम वीस वर्षांचा, म्हणजे साधारण इसवी सन ५०च्या आसपासचा. येशूचे पहिले अनुयायी सगळे ज्यू होते. पुढे ज्यू नसलेले लोकही येऊ लागले आणि वाद पेटला. या नव्या लोकांनी आधी ज्यू व्हायचं का? सुंता करायची, खाण्यापिण्याचं सोवळं पाळायचं, मग येशूचे म्हणवायचं? पेत्र हा येशूचा थेट शिष्य, सगळ्यांत ज्येष्ठ. तो अंत्युखियात या परक्या लोकांबरोबर खुशाल जेवत होता. पण यरुशलेमहून काही कडवी मंडळी आली आणि हा गृहस्थ हळूच पंगतीतून उठला. त्याचं पाहून बाकीचे ज्यूही उठले. पौलाने तिथेच, सगळ्यांदेखत, त्याला फैलावर घेतलं.

आपल्याला हे समजावून सांगायला नको. याला आपल्याकडे पंक्तिभेद म्हणतात. कोण कुणाच्या हातचं खातो आणि पाहुणे आले की कोण कुणाला ओळख दाखवत नाही, हे सगळं आपण पाहिलेलं आहे.

पौलाने ही हकीकत गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात सांगितली आहे. पौल स्वतः मुळात परूशी होता. परूशी म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारे लोक. नियम मोडायला सोकावलेला हा माणूस नव्हे, तर नियमांत मुरलेला. त्याचं म्हणणं असं की माणूस देवाला चालतो की नाही हे जर नियम पाळण्यावर ठरत असेल, तर ख्रिस्ताचं मरण फुकट गेलं. देवाने स्वीकारलं ते आधीच, कृपेने, आणि त्यावर विश्वास ठेवणं एवढंच माणसाच्या हाती. आता त्या स्वीकारावर सुंता, सणवार, खाणंपिणं अशा अटी पुन्हा लादल्या, तर सुटलेल्या माणसाने परत जाऊन स्वतःच्या मानेवर जू घेतल्यासारखं होईल. तेव्हा कशापासून मोकळे, तर देवापुढे आपली लायकी सिद्ध करत बसण्यापासून.

इथे ज्यू शेजाऱ्यांवर अन्याय होऊ नये म्हणून एक सांगितलं पाहिजे. त्यांना त्यांचं नियमशास्त्र ओझं वाटत नाही. ते हातात घेऊन नाचण्याचा त्यांचा एक सणच आहे. पौलाचा वाद हा घरातला वाद होता. पुढच्या ख्रिस्ती लोकांनी त्याचं हत्यार करून ज्यूंना शतकानुशतकं छळलं, हा इतिहास काळा आहे आणि तो विसरून चालणार नाही.

मोकळेपणाचा दुसरा पदर जास्त आतला आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल स्वतःबद्दल कबुली देतो की जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही आणि जे नको तेच होतं. कळतं पण वळत नाही, ही आपली म्हण म्हणजे त्या अख्ख्या प्रकरणाचा गोषवारा. दुर्योधनाच्या तोंडी घातलेला एक प्रसिद्ध संस्कृत श्लोकही साधारण हेच सांगतो. ख्रिस्ती श्रद्धेच्या मते ही खरी गुलामगिरी आहे. बाहेरून बेडी नाही, मालक नाही, तरी माणूस स्वतःच्याच लोभाला, रागाला, भीतीला जुंपलेला आहे. 'मला वाटेल ते करीन' हे स्वातंत्र्य त्यांना म्हणूनच पुरेसं वाटत नाही, कारण 'वाटणं'च जर बांधलेलं असेल तर काय करायचं? फोन करणाऱ्या बाईंच्या कोड्याची किल्ली इथे आहे असं मला वाटतं. ती मुलगी चर्चला जाते ते नियम म्हणून जात असेल तर पौलाच्या हिशेबी ती मोकळी नाहीच. आपण होऊन जात असेल तर त्याला बंधन म्हणता येत नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, ही यातली खरी पंचाईत.

येशूने सांगितलेली उधळ्या मुलाची गोष्ट बहुतेकांना ऐकून ठाऊक असेल. धाकटा इस्टेटीचा हिस्सा मागून घेतो, परदेशी जाऊन उडवतो, डुकरं राखायची वेळ येते तेव्हा घरी परततो आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. मला त्यातला थोरला मुलगा जास्त विचार करायला लावतो. तो घरीच राहिला, शेत सांभाळलं, आणि आता दाराबाहेर रुसून उभा आहे. इतकी वर्षं तुमची गुलामी केली, मला कधी बकरू तरी दिलंत का, असं बापाला विचारतो. घर त्याचं, इस्टेट त्याची, आणि तो राहिला मात्र गड्यासारखा. धाकट्याला निदान आपण बांधलेले होतो हे कळलं तरी. आपल्यातल्या थोरल्या मुलांनी आणि थोरल्या सुनांनी ही गोष्ट एकदा सावकाश वाचावी.

आता 'कशासाठी'. यावर पौल एका वाक्यात सांगून मोकळा होतो की मोकळे झालात ते मनमानी करायला नव्हे, प्रेमाने एकमेकांची सेवा करायला. पण करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात तो हेच एका व्यवहारातल्या प्रश्नावर लावून दाखवतो, आणि तो प्रश्न आपल्या मंडळाच्या फार जवळचा आहे. मूर्तीपुढे ठेवलेलं अन्न ख्रिस्ती माणसाने खावं का?

आपल्या गणपतीला प्रसादाचा द्रोण पुढे केला की काही ख्रिस्ती पाहुणे आनंदाने घेतात आणि काही हात जोडून नको म्हणतात. नको म्हटलं की आपल्याला लागतं. पण दोघेही बहुधा याच पत्राच्या आधाराने वागत असतात. पौलाचं म्हणणं असं की एकच देव आहे, मूर्तीला अन्न दाखवल्याने अन्नात काही फरक पडत नाही, तेव्हा खायला मोकळीक आहे. कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते चौकशा न करता खावं. मात्र 'हे देवाला दाखवलेलं आहे' असं कुणी मुद्दाम सांगितलं, तर त्या सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून खाऊ नये. आणि आपलं पाहून एखाद्या कच्च्या मनाच्या भावाची श्रद्धा डळमळणार असेल, तर आपण जन्मभर मांस खाणार नाही, असंही तो म्हणतो. (त्याच पत्रात मूर्तिपूजेच्या पंगतीपासून दूर राहा असा कडक इशाराही आहे, म्हणून नको म्हणणाऱ्यांची बाजूही भक्कम आहे.) तेव्हा माझी आपली स्वयंसेवक म्हणून सूचना अशी की प्रसाद वाढताना हा प्रसाद आहे हे सरळ सांगावं, आणि कुणी घेतला नाही तर शेजारच्या टेबलावरचे बटाटेवडे पुढे करावेत. गुपचूप वाढून टाकणं बरोबर नाही.

स्वतःला खायची मोकळीक असताना दुसऱ्यासाठी ती सोडून देता येणं, हे या श्रद्धेच्या दृष्टीने मोकळेपणाचं लक्षण आहे. मार्टिन ल्यूथरने १५२० साली ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्याचा सगळा डोलारा याच विरोधाभासावर उभा आहे. श्रद्धेने माणूस कुणाचाच ताबेदार राहत नाही, आणि प्रेमाने तो सगळ्यांचा चाकर होतो.

ऐकायला हे सुंदर आहे. पण मी इतिहास वाचायला लागलो तेव्हा इथेच ठेच लागली. १५२५ साली जर्मनीतल्या शेतकऱ्यांनी म्हटलं की ख्रिस्ताने आम्हालाही सोडवलं ना, मग आम्ही जमीनदारांचे बांधील कसे? तर ल्यूथर त्यांच्यावर उलटला. आत्म्याचं स्वातंत्र्य तुम्ही शरीरावर नेता, असा त्याचा आक्षेप. त्या बंडाची कत्तल झाली. इथे अमेरिकेत १६६७ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायदाच केला की गुलामाचा बाप्तिस्मा झाला तरी तो गुलामच राहील. आत्मा मोकळा, अंग मालकाचं! १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडिजच्या गुलामांसाठी बायबलची एक खास आवृत्ती छापली गेली. तिच्यातून इजिप्तमधून सुटकेची कथा कापलेली होती आणि ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, हे गलतीकरांच्या पत्रातलं वचनही कापलेलं होतं. मला यात एक उलटा पुरावा दिसतो. हे स्वातंत्र्य निव्वळ आतलं असतं, तर मालकांना कात्री घ्यावी लागली नसती. गुलामांनी मात्र नेमकं कापलेलंच मनात धरलं. त्यांच्या गाण्यांत मोझेस आणि इजिप्त सतत येतात. स्वतः गुलामीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ साली लिहिलेल्या आत्मचरित्राच्या शेवटी स्पष्ट केलं की या देशातला मालकांचा ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा धर्म यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि आता आपल्या घरचं माणूस, पंडिता रमाबाई. या विषयावर मला ल्यूथरपेक्षा त्यांच्याकडून जास्त शिकायला मिळालं.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं. कुटुंब पुराणं सांगत तीर्थयात्रा करत फिरायचं. मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात आई-वडील गेले. भाऊ-बहीण पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचले आणि तिथे या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. पण पुढे धर्मशास्त्रं वाचताना त्यांना काय आढळलं, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. बाईला बाई म्हणून मोक्षाचा अधिकार नाही. नवऱ्याची सेवा केली तर पुढे कधीतरी. इतकं संस्कृत येणाऱ्या बाईला त्याच संस्कृतातून हे वाचावं लागलं!

नवरा १८८२ साली कॉलऱ्याने गेला. पदरात लहानगी मनोरमा. पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वाँटेज गावी जोगिणींच्या मठात राहिल्या. तिथल्या जोगिणी समाजाने टाकलेल्या बायकांना पोटाशी धरत होत्या. रमाबाईंनी विचारलं, असं का? तेव्हा त्यांना येशूची आणि शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात गहजब झाला, तो आपल्याला ठाऊक आहे. ठाऊक नसतं ते यापुढचं. बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंचं आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशीच भांडण सुरू झालं. ती पत्रं १९७७ साली मुंबईत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्रैक्याचा सिद्धान्त पटत नाही तोवर मानणार नाही, असं त्यांनी कळवलं. शाकाहार सोडला नाही. जातीचा जुना अभिमान अजून गेला नाही असा ठपका आला, तेव्हा एखादी इंग्रज बाई हिंदू लोकांत राहायला गेली आणि तिने आपल्या निरुपद्रवी चालीरीती सोडल्या नाहीत, तर तिला तुम्ही अभिमानी म्हणाल का, असा उलट सवाल केला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमचं संस्कृत काय कमी पवित्र आहे, असंही विचारलं. त्यांनी पुरुषांना शिकवू नये असा हिंदुस्थानातल्या बिशपांचा निरोप आला, तोही त्यांना मानवला नाही. एवढ्या कष्टाने भटजींचं जू मानेवरून उतरवलं ते पाद्र्यांचं चढवून घ्यायला नाही, हा त्या सगळ्या पत्रव्यवहाराचा सूर आहे.

सिस्टर बिचाऱ्या चांगल्या बाई होत्या. त्यांना वाटे, नवशिकीने आज्ञेत राहावं. पण गलतीकरांचं पत्र कुणाला जास्त कळलं होतं, हे ज्याने त्याने ठरवावं. माझं मत रमाबाईंच्या बाजूला पडतं. अंत्युखियात प्रश्न होता की ख्रिस्ती व्हायला आधी ज्यू व्हावं लागतं का. वाँटेजला प्रश्न होता की आधी इंग्रज व्हावं लागतं का.

तरी रमाबाईंच्या स्वतःच्या सांगण्यानुसार या काळात त्यांना धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो निवांतपणा पुढे आठेक वर्षांनी आला, असं त्यांनी १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात लिहिलं आहे. म्हणजे एवढी निर्भीड बाईसुद्धा आतून अजून लायकी सिद्ध करण्याच्या खटाटोपात होती.

त्यांच्या बाजूचा एक अवघड प्रश्नही सांगितला पाहिजे. १८८९ साली त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं ते धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या कबुलीवर. मुली आपापले देव पुजायला मोकळ्या होत्या. पण रमाबाईंची स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून चाले आणि काही मुली येऊन बसत. १८९३ साली यावरून मोठं वादळ झालं. 'केसरी'ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मी कुणालाही मज्जाव करणार नाही, हे रमाबाईंचं म्हणणं. जिला दुसरा आसराच नाही त्या पोरवयाच्या विधवेची निवड कितपत मोकळी, हा विरोधकांचा प्रश्न. मला दोन्ही खरं वाटतं. पण त्याच विरोधकांपैकी किती जणांनी त्या विधवांना आपल्या घरच्या पंगतीला बसवलं असतं, हेही विचारायला हवं.

१८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-बायका गोळा करून पुणे जिल्ह्यात केडगावला आणल्या. त्या वसाहतीला नाव दिलं 'मुक्ती'. ज्या शब्दाचा अधिकार पोथीने बाईला नाकारला होता, तोच शब्द. तिथे प्रार्थना होती तशीच शेती होती, विहिरी होत्या, छापखाना होता, माग होते. आयुष्याची शेवटची बरीच वर्षं त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत उतरवण्यात घालवली, तेही साध्या बाईला वाचून कळेल अशा मराठीत, म्हणजे अर्थ विचारायला कुणा पाद्र्याकडे जायला नको. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. केडगावची संस्था आजही चालू आहे.

जाता जाता, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी रमाबाई १८८६ साली फिलाडेल्फियाला आल्या होत्या आणि नंतर या देशावर त्यांनी मराठीत प्रवासवृत्त लिहिलं. ते आपल्या मंडळाच्या लायब्ररीत नाही. या सुट्टीत पुण्याला कोण जाणार आहे त्यांनी कळवावं, पैसे मंडळ देईल. पुढच्या अंकात क्वेकर मंडळींबद्दल, ती प्रार्थनेला जमून गप्प का बसतात ते.